पालींना एकी शिकवू नका

या अंकाच्या संपादकांनी मला निरोप धाडला. शालू, सणाचा अंक आहे, गणपतीसमोर ठेवला जाईल. हॉटेलातल्या नोकरीवर लिही, समुद्रावर लिही, गोऱ्या पाहुण्यांवर लिही, पण पालींवर लिहू नकोस. म्हणून मी पालींवरच लिहिते आहे. माझी नोकरी पालींची आहे. आणि ज्या देवाला उंदीर चालतो त्याला पाल का चालू नये, हे मला अजून कोणी समजावून दिलेलं नाही.

आपल्या बेटावर, माएबूर्ग गावाच्या थोडं पुढे, किनाऱ्यावरच्या एका हॉटेलात मी काम करते. नाव छापत नाही. छापलं तर त्यांची फुकट जाहिरात होईल. सत्तरचं दशक संपत आलं होतं तेव्हा मी तिथल्या लाँड्रीत लागले. त्याच सुमाराला विमानतळाच्या कामासाठी आलेला एक परदेशी इंजिनियर हॉटेलात लांबच्या मुक्कामाला राहिला. त्याच्या खोलीत काचेच्या पेट्या होत्या आणि पेट्यांत चार पाली. खोली झाडायला कोणी जाईना.

खोल्यांवरच्या बायकांची मुकादम होती सोनामावशी, माझ्या आईची चुलतबहीण. ती दारातूनच परत आली. "आयो! लेझार पाळतोय तो मेला. ठिपक्याठिपक्यांचे, पिवळे. मी नाही गो त्या खोलीत जायची. आज माझा गुरुवार."

"आणि उद्या?" मी विचारलं.

"उद्या शुक्रवार," ती म्हणाली.

मी गेले. शूर होते म्हणून नव्हे. माझे बाबा साखर कारखान्यात कामाला होते आणि संध्याकाळी सभेची पत्रकं वाटायचे. आमच्या घरात पुस्तकं नव्हती, पत्रकांचे गठ्ठे होते. मी वाचायला त्यांच्यावरच शिकले. एका पत्रकात लिहिलं होतं की ज्याची भीती वाटते ते जवळ जाऊन बघा, बहुतेक वेळा तिथे मालक उभा असतो. मी जवळ जाऊन बघितलं. तिथे पाल होती. तिने पापणी मिटली, उघडली, माझ्याकडे पाहिलं आणि मला ती आवडली.

हो, पापणी. आपल्या भिंतीवरच्या पालीला पापणी नसते. हिला असते. हिच्या पायांना चिकटपणा नसतो, त्यामुळे भिंतीवर चढत नाही, जमिनीवर चालते. शेपूट जाड असते, कारण उपासमारीच्या दिवसांची चरबी ती शेपटीत साठवते. अंगावरचे ठिपके बिबट्यासारखे, म्हणून इंग्रजीत लेपर्ड गेको म्हणतात. मूळची पाकिस्तान आणि त्याच्या आसपासच्या कोरड्या, खडकाळ मुलखातली. म्हणजे तिकडून पेटीत बसून या बेटावर आलेली. आपलेही वाडवडील बोटीत बसूनच आले; आपल्यातल्या कोणी तिला परकी म्हणावं, हे मला तरी शोभत नाही असं वाटतं.

इंजिनियरने मला सगळं शिकवलं. काम संपल्यावर तो परत निघाला, तेव्हा जनावरं विमानात घेईनात. त्याने ती हॉटेलला दिली आणि सगळ्यांसमोर सांगून गेला की यांच्या बाबतीत या मुलीचं ऐका. आमचे पात्रों, म्हणजे हॉटेलचे मालक, आधी ती टाकूनच देणार होते. पण संध्याकाळी पाली बाहेर पडतात तेव्हा पाहुणे ड्रिंक हातात घेऊन पेट्यांभोवती गोळा होतात, हे त्यांनी पाहिलं. मग पेट्या स्वागतकक्षाशेजारी आल्या आणि त्यांच्याबरोबर मीही लाँड्रीतून पुढे आले.

आता धंदा सांगते. पाल पाळणं म्हणजे ऊब पाळणं. तिच्या अंगात स्वतःची ऊब नसते. खाल्लेलं पचवायला तिला गरम दगडावर पोट टेकावं लागतं. म्हणून पेटीच्या एका टोकाला दगड आणि त्याखाली दिवा, दुसरं टोक थंड. दोन्हीकडे लपायला जागा, मी नारळाच्या करवंट्या पालथ्या घालते. एका कोपऱ्यात ओला काथ्या, कारण कात टाकताना ओल मिळाली नाही तर जुनी कातडी बोटांना दोऱ्यासारखी आवळते आणि बोट गळून पडतं. खायला नाकतोडे, रातकिडे. ते मी बिस्किटांच्या डब्यात वाढवते. आमचा माळी झोझेफ बागेतून आणखी आणून देतो. त्यांच्यावर समुद्रफेसाची, म्हणजे माकुळाच्या पाठीतल्या हाडाची, पूड भुरभुरायची, नाहीतर पालीची हाडं वाकतात. समुद्रफेस माएबूर्गच्या कोळ्यांकडे मिळतो.

हे सगळं कोणीही शिकेल. लोक शिकत नाहीत ती गोष्ट एकच. पाल एकटी राहते आणि तिला एकटं राहायला आवडतं.

आमच्याकडे दोन नर होते, तांबड्या आणि ठिपका. माद्याही दोन, एक थोराड, तिला आम्ही काकी म्हणायचो, आणि दुसरी लहानी. दोन नर एका पेटीत कधीच ठेवायचे नाहीत. कधीच म्हणजे दगड दहा दिले तरी नाही. नर ओळखायचा तर मागच्या मांड्यांच्या मधे, पोटाखाली, बारीक छिद्रांची उलट्या छपरासारखी ओळ दिसते. पिल्लांत ती दिसत नाही, म्हणून लोक दोन बहिणी म्हणून घरी आणतात आणि पुढे एक दिवस एकीच्या गळ्यात दुसरीचे दात असतात. नर आणि मादी एकत्र ठेवले तर तो तिला धड जेवू देत नाही, धड बसू देत नाही. अंडी घालून घालून ती सुकते. दोन माद्या जमल्या तर जमतात, पण सगळं दोन-दोन लागतं आणि रोज डोळ्यांत तेल घालून बघावं लागतं.

काकी आणि लहानी सुरुवातीला एका पेटीत होत्या. शेजारच्या रेयुनियों बेटावरून आलेलं एक नवं जोडपं रोज संध्याकाळी त्यांच्यासमोर बसायचं. गरम दगडावर लहानी, आणि लहानीच्या अंगावर काकी पसरलेली. नवरी म्हणायची, बघ, आई लेकराला कुशीत घेऊन झोपली आहे. सोनामावशीही आता लांबून का होईना बघायला लागली होती. ती म्हणाली, "मुक्या जिवाची माया बघ गो शालू. माणसांत राहिली नाही."

"माया नाही मावशी. जागा अडवली आहे."

"तुला सगळीकडे भांडणच दिसतं."

"शेपूट बघ लहानीची."

लहानीची शेपूट पेन्सिलीसारखी झाली होती. ऊब वर काकीला मिळत होती आणि ओझं खाली लहानीला. मी तिला वेगळी पेटी दिली, वेगळा दगड दिला. नवरी रडवेली झाली. नवरा माझ्याशी भांडायला आला. "ती एकटी रडत नाही का?"

"नाही मिस्ये," मी म्हटलं, "जेवते."

त्यानंतर एक चष्मेवाले गृहस्थ आले. ते मला रोज ऐकवायचे की रानात एकाच खडकाखाली अशा कितीतरी पाली राहतात. मी म्हटलं, राहत असतील. पण रानात जिला मार बसतो ती उठून दुसऱ्या खडकाखाली जाते. पेटीतून जायला रस्ता कुठे आहे? ते म्हणाले, हा मुद्दा विचार करण्यासारखा आहे. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच ऐकवायला आले.

हे पाहुणे येत-जात राहिले. खरा त्रास घरच्या माणसाकडून झाला.

नारायणदादा आमचे सहायक मॅनेजर. आपल्यातलेच, बो बासें गावचे, टाय बांधून येणारे. माझ्या बाबांना ओळखत होते आणि मला लाँड्रीत त्यांनीच लावलं होतं. हे ते विसरू देत नसत. एका मोसमाच्या तोंडावर पात्रोंनी परदेशातून एक भलीमोठी काचेची पेटी मागवली. कोपऱ्यांना पितळ, मधोमध एकच सुंदर काळा दगड आणि त्याखाली दिवा. चारही पाली त्यात एकत्र ठेवायच्या. प्रवास कंपन्यांचे लोक बाहेरून येणार होते, त्यांना हॉटेलचं हे कुटुंब दाखवायचं होतं.

मी नाही म्हटलं.

नारायणदादा हसले. "अगो, तू कोणाची मुलगी? तुझा बाप गावभर आंसाम, आंसाम करत फिरतो. एकत्र या, एकत्र राहा. आणि त्याची पोर पालींना वेगवेगळ्या खोल्या मागते!"

रिसेप्शनवरचे सगळे हसले. आंसाम म्हणजे क्रिओलमध्ये एकत्र. आमच्या घरातल्या प्रत्येक पत्रकाच्या माथ्यावर हा शब्द असायचा. मी तो पाटीवर गिरवला होता. त्यामुळे टोमणा बरोबर लागला. मी घरी येऊन बाबांना सांगितलं तर तेही हसले. "पालींची युनियन काढतेस काय?"

"पाल कोणाच्या सभेला येत नाही, बाबा."

"मग भांडतेस कशाला तिच्यासाठी?"

"येत नाही म्हणूनच. तिच्या वतीने कोण बोलणार?"

मी त्या टोमण्यावर पुष्कळ विचार केला. आमच्या कामगार मुलींच्या खोलीत एकच पंखा होता, आणि रोज भांडणं व्हायची. मॅनेजर म्हणायचे, बायकांचा स्वभावच भांडखोर. आम्ही सगळ्या मिळून दुसरा पंखा मागितला, भांडून मिळवला, आणि भांडणं बंद झाली. तेव्हा एका दगडावर चार जीव ठेवून त्यांच्या स्वभावाला दोष देणाऱ्याला मी चांगली ओळखते. पण एवढंच लिहून मी थांबले तर ते खोटं होईल. माणसांना दुसरा पंखा मिळाला की ती एकमेकांशी बोलायला लागतात. तांबड्याला आणि ठिपक्याला काहीही दिलं तरी ते एकमेकांचे होणार नाहीत. माणसांची एकी पालींवर लादू नका, आणि पालींचं भांडण बघून माणसांना शहाणपण शिकवू नका. दोन्हीकडे फायदा पेटी विकत घेणाऱ्याचाच होतो.

शेवटी मी तोडगा काढला. मोठ्या पेटीच्या बरोबर मधे जाड फळी बसवली, दोन्ही बाजूंना आपापला दगड आणि दिवा. एका बाजूला तांबड्या, दुसऱ्या बाजूला ठिपका. माद्या आपापल्या जुन्या पेट्यांत. पात्रोंना फळी आवडली नाही, पण त्यांनी ती राहू दिली. मला वाटलं, जमलं.

प्रवास कंपन्यांची माणसं आली तो सोमवार होता, माझा सुट्टीचा दिवस. मी माएबूर्गच्या बाजारात गेले होते. कोळ्यांकडून समुद्रफेस घेतला, डब्यात भरला आणि संध्याकाळच्या बसने घरी जायच्या आधी तो ठेवून जावा म्हणून हॉटेलात शिरले. स्वागतकक्षात गर्दी होती. पात्रों, पाहुणे, पाहुण्यांच्या बायका, आणि मधे नारायणदादा. पेटीतली फळी गेली होती. मधोमध तो एकच काळा दगड, वर नवी मोठी करवंटी, आणि बाहेर एकही पाल दिसत नव्हती. मागे झोझेफ मान खाली घालून उभा होता, हातात फळी. त्याला काढायला लावली होती.

नारायणदादा फ्रेंचमधून सांगत होते, "आधी थोडी कुरबूर होती. पण आता दोघे भावांसारखे राहतात."

करवंटीखालून चीं असा आवाज आला.

आपल्या घरात बोलता बोलता पाल चुकचुकली तर आपण काय करतो? बोटाने टकटक करतो आणि म्हणतो, खरं, खरं. बोललेल्याला पालीने साक्ष दिली असं मानतो. पणजोबा बोटीतून आले तेव्हा त्यांच्याबरोबर आलेली ही सवय. नारायणदादा इतके टाय बांधून उभे होते, पण बोट आपसूक उठलं. पेटीच्या काचेवर तीनदा टकटक केली आणि मराठीत म्हणाले, "खरं, खरं."

पाहुण्यांना वाटलं ही काही युक्ती आहे, पालींना बोलावण्याची. तेही काचेवर टकटक करू लागले.

ही पाल चुकचुकत नाही. तिला सांगायचं काही नसतं, कोणाला साक्ष द्यायची नसते. ती ओरडते ते दुखल्यावर. मी गर्दीतून आत घुसले, झाकण उघडलं आणि करवंटी उचलली. तांबड्याने ठिपक्याचा जबडा दातांत धरला होता. ठिपक्याची शेपूट तुटून बाजूला पडली होती आणि ती एकटीच तडफडत होती. एका बाईने किंकाळी फोडली. मी पदराचं टोक दोघांमधे सारलं, तांबड्याने ठिपक्याला सोडून माझं बोट धरलं, आणि मी ठिपक्याला समुद्रफेसाच्या डब्यात घातलं.

"कायतरी करून टाकलंस तू," नारायणदादा पुटपुटले.

"मी? तुम्ही ज्याला खरं म्हणालात ना दादा, ते हे."

ते माझ्याशी आजतागायत बोलत नाहीत. ठिपका वाचला. शेपूट पुन्हा आली, पण पहिल्यासारखी पट्ट्यापट्ट्यांची, नक्षीदार नाही. आखूड, गुळगुळीत, मुळ्यासारखी आली. तिच्याकडे बघून मला अजून वाईट वाटतं. पहिली शेपूट पालीला एकदाच मिळते. पण दुसऱ्या दिवशी सकाळी तो जगेल की नाही हेही कोणाला माहीत नव्हतं, आणि त्याच सकाळी पात्रोंनी आम्हाला सगळ्यांना स्वागतकक्षात बोलावलं.

ते रागावलेले नव्हते. ते समजावत होते, आणि ते जास्त वाईट. "शेपूट परत येते ना? मग झालं. त्यांना ठरवायचं होतं कोण मोठा, ते ठरलं. आता शांतता राहील. त्याला परत आत ठेव."

"पात्रों, कोण मोठा हे ठरलं म्हणून ते थांबत नाहीत. हरलेल्याला जायला जागा असली तर थांबतात."

"मामझेल, आज संध्याकाळी ते लोक परत जेवायला येत आहेत. मी त्यांना सांगितलं आहे की हा अपघात होता. दोघेही पेटीत दिसले पाहिजेत. ठेवणार नसशील तर तुझी जागा इथे नाही."

मला ही नोकरी हवी होती. नको होती असं मी म्हणणार नाही. आमच्या घरात बाबांना संपांमुळे कामावरून किती वेळा काढलं होतं ते मला पाठ होतं, आणि आईचा चेहरा मला तिथे उभ्या उभ्या दिसत होता. ठिपका डब्यात काथ्यावर पडलेला होता. जबड्याला सूज. डोळे मिटलेले.

"मी ठेवणार नाही," मी म्हटलं. "आणि जाणारही नाही. ठेवायचा तर तुम्ही ठेवा."

मी डबा टेबलावर त्यांच्यासमोर ठेवला आणि झाकण काढलं.

पात्रोंनी डब्यात पाहिलं. हात पुढे केला नाही. त्यांनी नारायणदादांकडे पाहिलं. नारायणदादा स्वयंपाकघरात गेले आणि चिमटा घेऊन आले. ठिपक्याने चिमट्याकडे बघून उरलेला बुडखा हलवला, आणि दादांनी चिमटा टेबलावर ठेवला. पात्रोंनी सोनामावशीला खूण केली.

"मला नका सांगू, पात्रों. आज माझा उपास."

"आज मंगळवार आहे," नारायणदादा म्हणाले.

"गणपतीचा," मावशी म्हणाली आणि हात पाठीमागे बांधले.

वेटर मागे सरकले. रिसेप्शनवरच्या मुलीने तोंड फिरवलं. काहींना खरोखरच किळस होती, ती मी वर्षानुवर्षं बघत आले आहे. मग पात्रोंना आठवलं आणि त्यांचा चेहरा मोकळा झाला.

"झोझेफ! तू ये. तू तर त्यांना रोज हातात घेतोस."

हे खरं होतं. मी पेट्या धुवायची तेव्हा झोझेफ काकीला आणि लहानीला तळहातावर घेऊन बसायचा, त्यांच्याशी क्रिओलमध्ये गप्पा मारायचा. गांधीलमाश्यांची पोळी तो उघड्या हाताने काढायचा. कालची फळीही त्याच हाताने काढली होती. त्याला चार मुलं होती, आणि नोकरी एकच. मी त्याच्याकडे पाहिलं नाही. पाहिलं असतं तर ते मदत मागितल्यासारखं झालं असतं.

झोझेफ पुढे आला. डब्यावर वाकला. ठिपक्याचा सुजलेला जबडा पाहिला. मग त्याने टोपी काढली, दोन्ही हात पँटच्या खिशात घातले आणि म्हणाला,

"मो पेर लेझार, पात्रों."

मला पालींची भीती वाटते, मालक.

कोणी हसलं नाही. पात्रों त्याच्या खिशांकडे बघत राहिले, मग आमच्या सगळ्यांकडे. आम्ही तिथेच उभे होतो. शेवटी ते आपल्या खोलीत गेले आणि दार लावून घेतलं. मी डब्याचं झाकण लावलं, हवेसाठी थोडं तिरकं, आणि ठिपक्याला त्याच्या स्वतःच्या पेटीकडे घेऊन गेले.